हरलेल्या घोड्यांबद्दल

“आता नाय येनार ते,” नवशा म्हणाला, आणि जिथे ते पुस्तक ठेवलेलं असायचं तिथे त्याने मोबाईलच्या चार्जरांचा खोका सरकवला. “फोन केलेला मी. छापायचं बंद केलंय म्हनतात. कोन घेतं आता वकीलसाहेब, समदं मोबाईलवर हाय. हितं तुमच्या एकट्यासाठीच आनत व्हतो मी.” कर्जत स्टेशनबाहेरच्या त्या स्टॉलसमोर शरच्चंद्र नुसते उभे राहिले. मग काहीतरी घ्यायला हवं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र घेतलं, जे सकाळीच घरी येऊन पडलेलं होतं, आणि सवयीने त्याची अशी घडी घातली की आत काहीतरी लपवलंय असं बघणाऱ्याला वाटावं. आत काही नव्हतं. शुक्रवारी ह्या घडीत घोड्यांच्या शर्यतींचं पुस्तक असायचं. शनिवार-रविवारी पुण्याला किंवा महालक्ष्मीला धावणाऱ्या प्रत्येक घोड्याची त्यात कुंडली असायची: मागच्या वेळी कितवा आला, त्याच्या आधी कितवा, पाठीवर वजन किती होतं, वर कोण बसलं होतं. उभा जन्म ती घडी काखेत मारून ते पूल ओलांडून दहिवलीला घरी गेले होते, आणि आज पहिल्यांदाच ती त्यांना हलकी लागली. पुस्तकाचं वजन ते काय असणार. पण हाताला कळतं.

साऱ्या गावाला ठाऊक होतं की शरद वकिलांना रेसचा नाद आहे. तालुका कोर्टात दस्त, सातबारा, फेरफार ह्या कामांना त्यांचाच हात लागायचा. जमिनीचा वाद उपटला की लोक म्हणत, रेसवाल्या वकिलांकडे जा, माणूस नादी आहे पण कागद चोख बघतो. एका पक्षकाराने तर घोड्यांच्या नादी लागलेल्या माणसाच्या हाती बापजाद्यांची जमीन द्यायची नाही म्हणून फाईल परत नेली होती. आणि गंमत अशी की शरच्चंद्रांना घोड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. घोडा म्हणजे त्यांच्या लेखी चार पाय आणि एक शेपूट. अभ्यास होता तो सुचेताचा, त्यांच्या बायकोचा. त्यांनी पुस्तक आणायचं आणि बदनामी झेलायची, तिने वाचायचं, अशी वाटणी लग्नाच्या पहिल्याच वर्षी झाली होती, कारण घरंदाज बाईने स्टॉलवर जाऊन रेसचं पुस्तक मागणं त्या काळच्या कर्जतला पचलं नसतं. त्यांच्या आईने शेवटपर्यंत सुनेलाच बोल लावला. “नवऱ्याला एवढं आवरता येत नाही तुला,” ती म्हणायची, आणि सुचेता पोळी लाटता लाटता मान खाली घालून म्हणायची, “प्रयत्न करते, आई.” पिठाच्या डब्याला टेकवून ते पुस्तक तेव्हा उघडंच असायचं. ही आठवण आली की त्यांना हमखास हसू यायचं. आज पुलाच्या मधोमध ती आली आणि हसू काही आलं नाही. खाली उल्हास नदीत म्हशी डुंबत होत्या, एक माणूस टेंपो धूत होता, आणि शरच्चंद्र मोकळी घडी काखेत घेऊन, घरी जाऊन आता काय सांगायचं ह्याचा विचार करत चालले होते.

पैसे तिने कधी लावले नाहीत. शुक्रवारी दुपारी ती वाचायची, शनिवारी कामं करता करता मनात घोळवायची आणि रविवारी सकाळी चहा घेताना एकेका शर्यतीचा घोडा सांगून टाकायची. सांगायची ती कुणाला, तर त्यांना, ज्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. सोमवारच्या पेपरात निकाल. बरोबर आला तर नुसतं “हं.” चुकला तर मात्र पुस्तक पुन्हा उघडून बराच वेळ बघत बसायची, आणि तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे काही असायचं ते शरच्चंद्रांना फार आवडायचं. शाळेतल्या हुशार मुलीचं गणित चुकलं की ती रडत नाही, फळ्याकडे रागाने बघते, तसं काहीतरी.

हे तिला आलं ते खालापूरहून. पाताळगंगेच्या अंगाला एका पारशी मालकाचं घोड्यांच्या पैदाशीचं फार्म होतं आणि तिचे वडील तिथले घोड्यांचे डॉक्टर. पोरपण तिचं कुंपणाच्या मधल्या फळीवर बसून गेलं. शिंगरू चालायला लागलं की वडील विचारायचे, कुठला पाय आधी टाकतंय सांग. तिने सांगितलं की म्हणायचे, आता का टाकतंय ते सांग. शरच्चंद्र तिला बघायला गेले तेव्हा पोहे झाले, गाता येतं का झालं, आणि मग मोठी माणसं दोघांना अंगणात सोडून आत गेली. तिने एकच प्रश्न विचारला होता. “तुम्हांला पैसे लावायची सवय आहे?” “कशावर?” “कशावरही.” ते नाही म्हणाले. “मग बरं,” ती म्हणाली. “मला अभ्यासाची आहे.” मागे तबेल्यात एक घोडी फुरफुरली होती. ओलं गवत, लीद आणि चोळायचं तेल ह्यांचा मिळून एक वास होता, आणि तो वास अजूनही, पावसाळ्यात माथेरानवरून खाली आणलेले घोडे नेरळला उभे दिसले की त्यांच्या नाकाशी येतो आणि ते क्षणभर त्या अंगणात जाऊन उभे राहतात. फार्म कधीच गेलं. तिथे आता घरांची स्कीम आहे आणि फाटकावर दोन पायांवर उभा असलेला सिमेंटचा घोडा. सुचेताने तो पहिल्यांदा बघितला तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, “अशाने ह्याचे मागचे पाय जातील.”

आणखी एक आठवण होती, पण ती खरी की मागाहून रचलेली हे त्यांना सांगता आलं नसतं. ते लहान असताना हंगाम बदलला की मुंबईचे घोडे आगगाडीने पुण्याला जायचे, आणि घाट चढायला मागून जादा इंजिन जोडेपर्यंत गाडी कर्जतला थांबायची. पोरं धावत बघायला जायची. उघड्या दारांतून लांबट, शहाणी तोंडं बाहेर बघत असायची आणि आख्खं फलाट अचानक गप्प व्हायचं. एकदा एक गृहस्थ डब्याडब्याशी थांबून घोड्यांच्या डोळ्यांत बघत होते आणि त्यांचं बोट धरून दोन वेण्यांची एक मुलगी चालली होती. “ती तूच,” ते सुचेताला म्हणायचे. “थापा मारू नका,” ती म्हणायची. “मला वेण्या नव्हत्याच, बाबांनी केस कापून टाकले होते.” पण त्यांच्या आठवणीत वेण्या होत्या, आणि त्यांनी त्या कधी काढून टाकल्या नाहीत.

गेल्या दिवाळीत तिचे डोळे गेले. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग. डॉक्टर म्हणाले, कडा राहतील. तिला दाराची चौकट दिसायची, दारात उभा असलेला माणूस नाही. नवऱ्याचे कान दिसायचे, चेहरा नाही. “घोड्यासारखं झालंय,” ती म्हणाली होती. “घोड्यालाही अगदी नाकासमोरचं दिसत नाही. बाजूचं सगळं दिसतं.” त्यामुळे त्यांच्याशी बोलताना ती खिडकीकडे तोंड करायची, म्हणजे ते तिला दिसायचे. त्यांना ह्याची सवय होईना. भिंग घेऊन, पुस्तक तिरकं धरून तिने काही दिवस काढले. उन्हाळ्यात भिंग कपाटात गेलं. शरच्चंद्र म्हणाले, मी वाचून दाखवतो. “तुम्हांला नाही जमायचं ते. तुम्ही सातबारा वाचा,” ती म्हणाली, आणि मग जरा वेळाने, “राहू दे आता.”  तरी ते दर शुक्रवारी पुस्तक आणत राहिले आणि ती त्यावरून हात फिरवून टेबलावर ठेवत राहिली. न उघडलेल्या पुस्तकांचा गठ्ठा वाढत गेला. तो वाढतोय तोवर काहीतरी चालू आहे, असं दोघंही मानत होती. आता नवशाने तेही मोडलं होतं.

“पुस्तक बंद झालं,” त्यांनी घरात शिरता शिरताच सांगून टाकलं. विमलबाई गवारीच्या शिरा काढत बसल्या होत्या. दहिवलीच्याच त्या, कामाला म्हणून घरात इतकी वर्षं वावरलेल्या की घोड्यांचं खरं गुपित बाहेरच्या माणसांत फक्त त्यांना ठाऊक. “आरं देवा,” त्या म्हणाल्या. “मंग आता वैनी काय करनार?”  सुचेताने गठ्ठ्यावर हात ठेवला आणि वरचं पुस्तक सरळ केलं, ते सरळच होतं. तेव्हा शरच्चंद्र, ज्यांना मुलाने, सिद्धांतने, पुण्याहून पाठवलेला टॅब फक्त नातीचे फोटो बघायला माहीत होता, ते म्हणाले, “मोबाईलवर असतं म्हणे सगळं. मी शोधतो. तू फक्त कुठलं चांगलं ते ठरव.” ह्याला ती नाही म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. तिने खिडकीकडे तोंड वळवलं. “ठरवायला काय,” ती म्हणाली, “ठरवते.”

मग जे सुरू झालं त्याला संसारात बऱ्याच काळाने आलेली गंमत म्हणायला हवं. घोड्यांबद्दल बोलणारे लोक जगात इतके आहेत हे शरच्चंद्रांना ठाऊकच नव्हतं. पहिल्या साईटवर सगळं लाल आणि पिवळं होतं, लुकलुकत होतं, आणि प्रत्येक घोड्यासमोर चांदण्या काढलेल्या होत्या. “ह्याला पाच चांदण्या आहेत,” ते कौतुकाने म्हणाले. “का?” “का ते नाही लिहिलेलं. ‘आजची पक्की टीप’ असं लिहिलंय.” “बंद करा.” दुसरीकडे एक माणूस स्वतःच्या गाडीत बसून व्हिडिओत ओरडत होता, मागच्या रविवारी आपण सांगितलेले घोडे कसे आले ते. “आणि न आलेले?” सुचेताने विचारलं. न आलेल्यांबद्दल तो काही बोलला नाही. तिसऱ्या साईटवर जॉकींच्या मुलाखती होत्या आणि मालकिणींच्या टोप्या. चौथं ॲप स्वतःच वाचून दाखवायचं. त्यातली बाई घोड्याचं नाव, वजन आणि अंतर एकाच सुरात, रेल्वे स्टेशनवर गाडी उशिरा येत असल्याचं सांगावं तसं म्हणायची. “ही कोन भवानी?” विमलबाई आतून म्हणाल्या. सुचेता हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसली, आणि शरच्चंद्रांनी ते ॲप मुद्दाम आणखी थोडं चालू ठेवलं.

“हे बघा,” ती शेवटी म्हणाली, “कोण जिंकणार हे सांगणारा मला नकोय. ते माझं काम. काय झालं ते सांगणारा हवा. असं करा, कुठलीही साईट उघडलीत की आधी शेवटून दुसरा आलेला घोडा शोधा आणि त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. जिंकलेल्याबद्दल सगळेच लिहितात. हरलेल्या घोड्यांबद्दल काय लिहितात त्यावरून माणूस कळतो.” ह्या कसोटीने एकेक साईट गळत गेली. कुठे हरलेल्यापुढे नुसता आकडा, कुठे तोही नाही. आणि मग एक करड्या रंगाची, कोरडी, कुणी सजवायची तसदी न घेतलेली साईट सापडली. तिच्यात प्रत्येक घोड्याच्या नावाखाली मागच्या शर्यतींचे आकडे उभ्या ओळीत होते, आकड्यासमोर वजन आणि जॉकी, आणि बारीक अक्षरांत एकेक ओळ. शरच्चंद्र मनातल्या मनात इंग्रजीचं मराठी करत वाचू लागले. “‘सुटताना अडकला. वळणावर बाहेर फेकला गेला. शेवटी धावत होता, उशीर झाला होता.’” सुचेताचा हात मांडीवर थांबला होता. “कितवा आला?” “नववा.” “नवव्याबद्दल एवढं लिहिलंय,” ती म्हणाली. “हीच ठेवा.”

त्यानंतरचे शुक्रवार शरच्चंद्रांना फार सुखाचे गेले. दुपारी विमलबाई भांडी आवरून जायच्या, रस्त्यावर शाळा सुटायच्या आधीची शांतता असायची, आणि ते टॅब मांडीवर घेऊन वरून एकेक ओळ वाचायचे. एवढ्या वर्षांत बायको काय वाचते हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं, पुस्तक आणलं की आपलं काम संपलं असं धरून ते चालले होते. आता ते वाचत होते आणि ती मध्ये थांबवून सांगत होती. चांगला धावणारा घोडा असला की त्याच्या खोगिराखाली शिसं घालून वजन वाढवतात, म्हणजे कमी कुवतीच्या घोड्यांनाही आशा राहते. हे तिने त्यांना पूर्वीही एकदा सांगितलं होतं. आई अंथरुणाला खिळली होती त्या वर्षी, न्हाणीघरात चादर पिळता पिळता. “मग चांगलं धावून घोड्याचा फायदा काय?” त्यांनी दारातून विचारलं होतं. “वजन वाढतं,” ती म्हणाली होती आणि चादरीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं होतं. त्यांनी पिळून दिलं आणि कोर्टात गेले. आता टॅबवरचा साठ किलोचा आकडा वाचताना त्यांना ते ओलं टोक हातात जाणवलं, आणि वाईट वाटलं, सरळ वाईट वाटलं. त्या घरात जे जे जड होतं ते तिच्या पाठीवर चढत गेलं कारण ती चांगली धावत होती. “पुढचा वाचा,” ती म्हणाली, आणि त्यांनी पुढचा वाचला.

पण घोडे येईनात. पहिल्या रविवारी तिने सांगितलेला एकही आला नाही. असं पूर्वीही व्हायचं. दुसऱ्या रविवारी कॉपर लँटर्न नावाच्या एका घोड्याला तिने “ह्याचे दिवस सरले, उतरणीला लागलाय” म्हणून बाजूला काढलं आणि तो सगळ्यांना मागे टाकून पहिला आला. शरच्चंद्रांनी निकाल वाचला तेव्हा ती “हं” म्हणाली नाही आणि पुन्हा वाचाही म्हणाली नाही. त्यापुढच्या रविवारी तिने जरा भीतभीत सांगितलं. ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं; ही बाई घोडा सांगायची ती मीठ संपलंय सांगावं तशी. “बहुतेक चार नंबर,” ती म्हणाली. “किंवा सहा. तुम्हांला काय वाटतं?” त्यांना काय वाटणार. चार नंबरचा शेवटून दुसरा आला, आणि सहा नंबरचा शेवटचा.

सोमवारी सकाळी ती चहाचा कप हातात घेऊन खिडकीशी बसली होती आणि चहा प्यायली नव्हती. “डोळे गेले त्याचं मी एवढं नाही केलं,” ती म्हणाली. “म्हटलं, गेले तर गेले, आत आहे ते आहे. पण आता हेही गेलं. मी ऐकते, मनात मांडते, सगळं नीट मांडल्यासारखं वाटतं, आणि ते साफ उलटं निघतं. मग मी काय काय उलटं मांडत असेन, कुणास ठाऊक. बाबांनी शिकवलेलंही राहिलं नसेल तर मग माझ्यात माझं असं राहिलं काय?” शरच्चंद्र म्हणाले, होतं असं कधी कधी. “नाही होत,” ती म्हणाली. “ते यंत्र सिद्धांतला परत देऊन टाका.” कप तिने खिडकीच्या कठड्यावर ठेवला, अगदी कडेला, आणि तो पडेल म्हणून ते उठले तर म्हणाली, “दिसतंय मला. कड दिसते.”

टॅब त्यांनी परत दिला नाही. ती आत पडली की ते गॅलरीत बसून ती करडी साईट उघडायचे. कशाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नवशाने चार्जरांचा खोका सरकवला त्या दिवसापासून त्यांचं मन उलटंच चालत होतं, आजपासून मागे, मागून आणखी मागे: तिचे डोळे, आईची चादर, पिठाचा डबा, अंगण, फलाट. सगळ्यात वरती आज होता आणि तो सगळ्यांत वाईट होता. असेच एका सकाळी ते पडद्यावर बोट फिरवत असताना येत्या शनिवारच्या यादीत कॉपर लँटर्न पुन्हा दिसला. ओळखीचा माणूस बाजारात भेटावा तसे ते थांबले. त्याचे आकडे त्यांनी मनात वाचले. एक, दोन, चार, आठ, सात. त्यांना आठवत होतं की मागच्या वेळी त्यांनी वाचले होते ते दोन, चार, आठ, सात. मधल्या काळात हा एकदाच धावला होता आणि पहिला आला होता. म्हणजे तो एकचा आकडा नवीन. आणि तो नवीन आकडा ओळीत सगळ्यांत वर येऊन बसला होता.

शरच्चंद्रांनी पडद्यावरून बोट उचललं. नवीन नोंद वर येते. जुनी खाली जाते. आणि ते, ज्यांनी सगळं आयुष्य फेरफार उताऱ्यांवर काढलं होतं, जिथे सगळ्यांत जुनी नोंद पहिली आणि मग क्रमाने आजपर्यंत, ते वरून वाचत आले होते, कारण त्यांच्या दृष्टीने वाचायची दुसरी रीतच नव्हती. पुस्तकातही जुना आकडा आधी आणि ताजा शेवटी असायचा. सुचेता त्याच चालीने ऐकत होती. सातवरून आठ, आठवरून चार, चारवरून दोन असा चढत आलेला घोडा त्यांनी तिला दोन, चार, आठ, सात असा उतरताना ऐकवला होता. एकच नव्हे, सगळेच्या सगळे. तिने सगळं नीट मांडलं होतं. तिला दिलं तेच उलटं होतं. गुराखी गॅलरीखालून म्हशी घेऊन गेला, वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली, आणि शरच्चंद्र कोर्टात साक्षीदार फुटल्यावर बसायचे तसे खुर्चीत बसून राहिले. एवढ्या मोठ्या चुका त्यांनी इतरांच्या दस्तांत शोधल्या होत्या, आणि बायकोला मात्र तिचंच डोकं गेलं असं पटवून दिलं होतं.

आत जाऊन लगेच सांगायचं, हे साधं होतं. पण सांगून तिला पटेल का? ती म्हणेल, माझं मन राखायला बोलताय. तिला शब्दाने नाही, घोड्याने पटेल, असं त्यांनी ठरवलं, आणि वकिलाच्या डोक्याने एक डाव रचला. झालेल्याच शर्यती पुन्हा वाचायच्या. नावं वगळायची, नुसते क्रमांक म्हणायचे, ओळ खालून वर वाचायची. ती घोडा सांगेल, तो आलेला असेल, आणि मग निकाल ऐकवायचा. शुक्रवारी दुपारी ते तिच्यापाशी जाऊन बसले. “एकदाच,” ते म्हणाले. “पुन्हा नाही विचारणार. पुण्याच्या शर्यती आहेत.” विमलबाई ओट्यापाशी खोबरं खवत होत्या, त्यांनी वळून बघितलं. “आयका वैनी,” त्या म्हणाल्या, “बगा तरी काय सांगतायत ते.” सुचेताने तोंड खिडकीकडे वळवलं.

“घोडा क्रमांक एक,” शरच्चंद्र म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. एक झाला, दोन झाला. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. “क्रमांक तीन. सात, आठ, चार, दोन.” त्यांनी त्याचं वजन सांगितलं, जॉकी सांगितला, सुटायची जागा अगदी बाहेरची आहे हे सांगितलं.

तिची बोटं पदराच्या काठावर थांबली. “पुन्हा वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचलं.

“हा कॉपर लँटर्न आहे,” ती म्हणाली.

शरच्चंद्रांनी टॅब मांडीवर पालथा घातला, जणू ती बघेल. “नावं मी सांगितलीच नाहीत.”

“नाव कशाला हवं? तेच वजन, तोच जॉकी, तीच बाहेरची जागा. दुसऱ्या रविवारची तिसरी शर्यत.” ती हळूहळू बोलत होती, पायरीपायरीने. “तेव्हा तुम्ही वाचलं होतंत दोन, चार, आठ, सात. मी म्हटलं उतरतोय. आज वाचताय सात, आठ, चार, दोन. घोड्याचा इतिहास कुणी बदलत नाही हो.”

आतलं खवणं थांबलं.

“तुम्ही उलटं वाचत होतात,” ती म्हणाली.

“हो.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून. तिथे ताजा आकडा वर असतो. मी फेरफारासारखं वाचत गेलो. माझं चुकलं, सुचेता.”

ती रागावेल म्हणून ते थांबले. ती त्यांच्याकडे वळली, म्हणजे सरळ, समोर, जिथे तिला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि तशीच राहिली. तिच्या ओठांची हालचाल होत होती. ते काही विचारणार तोच त्यांच्या लक्षात आलं की ती मोजतेय. “पहिला रविवार,” ती म्हणाली. “पहिली शर्यत. मी राखाडी घोडी सांगितली होती, पाच नंबर. उलटी फिरवली तर ती जाते, आणि वर येतो तो सात नंबर, ज्याने वजन कमी झाल्यावर जोर धरला होता. बघा कोण आलं.” त्यांनी शोधलं. सात नंबर आला होता. “दुसरी,” ती म्हणाली. “दुसरीत दोन होते, पण मी लांब पल्ल्याचा घेतला असता.” तो आला होता. तिच्या डोक्यात सगळ्या शर्यती जशाच्या तशा होत्या, घोडा, वजन, जॉकी, सगळं, आणि ती एकेक शर्यत उचलून अंथरुणाची चादर फिरवावी तशी फिरवत होती, आणि खाली घालत होती. काही येत होते, काही येत नव्हते; नेहमी जेवढे यायचे तेवढे येत होते. विमलबाई खोबऱ्याची वाटी हातात घेऊन दारात येऊन बसल्या होत्या. शाळा सुटल्याचा गलबला रस्त्यावरून गेला आणि ओसरला. शरच्चंद्रांना दिसेनासं झालं म्हणून त्यांनी चष्मा काढला, मग घातला. बाजूच्या खुर्चीत कुंपणाच्या फळीवरची ती मुलगी बसली होती. तिला वेण्या नव्हत्या, हे त्यांना आज पहिल्यांदा कबूल झालं.

“तिसऱ्या रविवारची शेवटची,” ती म्हणाली. “चार नंबर सांगितला होता मी. उलटा लावला तर चार नाहीच, एक नंबर येतो. पहिला. अगदी सरळ पहिला. बघा.”

त्यांनी बघितलं. मग पुन्हा बघितलं. “नाही,” ते म्हणाले. “एक नंबरचा घोडा सातवा आला.”

“नीट बघितलंत?”

“नीट.”

ती मागे टेकली. आणि शरच्चंद्रांनी तो चेहरा बघितला, हुशार मुलीने फळ्याकडे रागाने बघावं तसा, जो ह्या घरात पुन्हा दिसेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“ही मात्र माझी चूक,” ती म्हणाली, आणि ते तिने इतक्या समाधानाने म्हटलं की विमलबाई हसू लागल्या. सुचेताने तोंड खिडकीकडे वळवलं आणि खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली. “काय लिहिलंय त्याच्याबद्दल? वाचा सगळं. आणि खालून वाचा.”

शरच्चंद्रांनी चष्मा पुसला आणि अगदी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.